मोटारीवरचा कर आणि त्याची मोजपट्टी

कर बसवायचा म्हटले म्हणजे आधी मोजपट्टी हवी. शेतसारा ठरवण्यापूर्वी जमिनीची मोजणी झाली, मातीची प्रतवारी लागली. जकात घ्यायची तर नाक्यावर काटा आला. मोटारगाडी मात्र सरकारी दप्तरात शिरली तेव्हा तिला लावण्याजोगे तयार माप कोणाजवळच नव्हते. लहान मोटारीवर थोडा कर आणि मोठीवर अधिक, हे तत्त्व ऐकताक्षणी पटते; पण मोठी म्हणजे कशाने मोठी? वजनाने, लांबीने, इंजिनाच्या ताकदीने, की किमतीने? का ती रस्त्यावर किती तेल जाळते आणि मागे किती धूर सोडते, यावरून तिचे मोठेपण ठरवायचे? गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत यातली जवळजवळ सगळी मापे वापरून झाली. ज्या बंगळूर शहरातून मी हे बोलत आहे, तेथे नोंदलेल्या वाहनांच्या संख्येने एक कोटीचा आकडा केव्हाच ओलांडला आहे, आणि येथल्या मोटारकराचे दर देशातल्या चढ्या दरांत गणले जातात. त्यामुळे या मापांचा इतिहास चाळण्यास हे ठिकाण वाईट नाही.

आपल्या देशापुरता आरंभ १९१७ सालापासून करता येईल. पहिले महायुद्ध चालू होते आणि लष्कराला पेट्रोलची निकड होती. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने पेट्रोलवर अबकारी कर बसवला; दर गॅलनला सहा आणे. खासगी खप आवरावा, म्हणजे उरलेले तेल युद्धाच्या कामी येईल, असा त्यामागचा हिशेब. या करात मोटार लहान की मोठी हा प्रश्नच नव्हता. जो जितके जाळील तितके त्याने द्यावे, इतकाच साधा न्याय होता. तेलाची बचत हा उघड हेतू धरून बसवलेला आपल्याकडचा हा पहिला मोटारविषयक कर, आणि मापाच्या दृष्टीने तो सर्वांत सरळही होता. नंतरच्या करांना तो सरळपणा फारसा साधलेला नाही.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या गाजलेल्या अंदाजपत्रकापासून तेथे मोटारींवर अश्वशक्तीनुसार चढता कर आला, आणि १९२१ च्या जानेवारीपासून दर अश्वशक्तीला एक पौंड असा दर सुरू झाला. पण ही अश्वशक्ती प्रत्यक्ष चाचणी घेऊन मोजायची नव्हती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे एक सूत्र होते: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावे आणि अडीचने भागावे. येईल ती अश्वशक्ती. या सूत्रात व्यास आहे. दट्ट्या सिलिंडरात किती लांब धावतो, त्याला मात्र जागाच नाही. कारखानदारांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी सिलिंडर अरुंद केले आणि लांब केले. कागदावरची अश्वशक्ती घटली, खरी ताकद तशीच राहिली. फोर्डच्या टी मॉडेलला या सूत्राने वर्षाला तेवीस पौंड पडू लागले, तर १९२२ साली निघालेल्या ऑस्टिन सेव्हनला अवघे आठ. ब्रिटिश बाजारातले टी मॉडेलचे अग्रस्थान गेले, त्याला हा कर पुष्कळ अंशी कारण झाला. आणि इंग्लंडातल्या मोटारींची इंजिने पुढची पंचवीस वर्षे उंच आणि सडपातळ राहिली. अभियंत्यांना ती तशी आवडत होती म्हणून नव्हे, करनिरीक्षकाला तशीच दिसत होती म्हणून.

त्यातली आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात पेट्रोलची शिधावाटप पद्धत आली तेव्हा मोटारीचा मूळ शिधा तिच्या अश्वशक्तीवरून ठरला. म्हणजे जी मोटार अधिक तेल पिणारी, तिला कुपनेही अधिक! कर बसवताना जे माप शिक्षेचे होते, तेच वाटप करताना हक्काचे झाले. पुढे इंग्लंडने अश्वशक्तीचा कर चाळिशीच्या दशकाअखेर मोडीत काढला आणि सर्व नव्या मोटारींना सरसकट दहा पौंड लावले. आपल्या केंद्रीय उत्पादनशुल्काच्या अनुसूचीत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे ‘रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या मापाने सोळा अश्वशक्ती’ ही मर्यादा नांदत होती. सरकारी अनुसूचीत एकदा शिरलेला शब्द सहजी निघत नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत पुरेपूर पाहिले आहे.

आता पुन्हा आपल्याकडे वळू. १९२७ साली केंद्र सरकारने रस्त्यांच्या विकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. मोटारी वाढत होत्या, रस्ते उखडत होते, आणि रस्ते हा प्रांतांचा विषय असल्याने केंद्राच्या तिजोरीतून पैसा निघत नव्हता. जयकर समितीने १९२८ मध्ये दिलेल्या अहवालात पेट्रोलवरचा कर, वाहनावरचा कर आणि भाड्याच्या वाहनांवरचे परवाना शुल्क, अशी तिहेरी रचना सुचवली. मधल्या काळात सहा आण्यांचे चार झालेले पेट्रोलशुल्क पुन्हा सहा आण्यांवर न्यावे आणि वाढीव दोन आणे केवळ रस्त्यांसाठी राखावेत, ही सूचना मान्य होऊन १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. बारा वर्षांपूर्वी जो कर खप कमी व्हावा म्हणून आला होता, तो आता रस्ते व्हावेत म्हणून वाढला. रस्ते झाले की मोटारी वाढणार आणि मोटारी वाढल्या की निधी वाढणार. कराचे नाव तेच राहिले, दिशा मात्र उलटी झाली. या उलटापालटीची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही, आणि घ्यावी असे कारणही नव्हते. हवेत धूर किती जातो याची चिंता करण्याचा तो काळ नव्हता.

जयकरांचा आणि पेट्रोलचा संबंध तेथे संपला नाही. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने, म्हणजे नागपूरच्या विधिमंडळाने, पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच टक्के कर बसवला. केंद्राने हरकत घेतली: पेट्रोलवरची अबकारी आमची, तुमचा हा कर म्हणजे वेषांतर केलेली अबकारीच. प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या संघ न्यायालयापुढे गेले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ती सुलेमान आणि न्यायमूर्ती जयकर असे तिघे न्यायासनावर होते. त्यांनी निर्णय दिला तो प्रांताच्या बाजूने. माल तयार होतो त्या टप्प्यावरचा कर केंद्राचा आणि विक्रीच्या टप्प्यावरचा प्रांताचा, अशी सीमारेषा त्या निकालाने आखली. आज बंगळुरात किंवा नागपुरात पंपावर आपण एक लिटर पेट्रोल घेतो, तेव्हा केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा विक्रीकर असे दोन वाटेकरी त्यात असतात. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर ठेवले गेले. नागपूरच्या त्या पाच टक्क्यांचे मूळ इतके खोल गेले आहे.

खुद्द वाहनावरचा कर प्रांतांकडे आला. मुंबई इलाख्यात १९३५ चा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या राज्यसूचीतील सत्तावन्नाव्या नोंदीने हा अधिकार राज्यांना पक्का दिला. म्हैसूर राज्याचा मोटार वाहन कर कायदा १९५७ चा आणि मुंबई राज्याचा १९५८ चा. या पिढीतल्या कायद्यांनी मुख्यतः माप धरले ते रिकाम्या वाहनाच्या वजनाचे. त्याला तर्क होता. जड वाहन रस्ता अधिक झिजवते. म्हणून त्याने दुरुस्तीचा खर्च अधिक सोसावा. १९६२ साली राजस्थानातील वाहतूकदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मोटारकराकडे रस्तेवापराची भरपाई म्हणूनच पाहिले. भरपाईचा हा सिद्धान्त २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बाजूला सारला. परंतु अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या मोटारकराचे नाते रस्त्याशी होते, हवेशी नव्हते.

त्या काळात मोठ्या मोटारीचा प्रश्न निर्माणच झाला नाही, याचे कारण मोटारीच मोजक्या होत्या. आणि येथे बंगळूरचा एक हुकलेला योग सांगितला पाहिजे. पुण्यात शिकलेले आणि मुंबई सरकारच्या सेवेत नाव कमावलेले विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकात देशी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंद हिराचंद यांनी ती उचलली आणि म्हैसूर संस्थानाचा पाठिंबा मिळवून कारखाना बंगळुरात काढण्याची खटपट केली. हिंदुस्थान सरकारने साथ दिली नाही. वालचंदांचा विमानांचा कारखाना १९४० च्या डिसेंबरात बंगळुरात आला. मोटारींचा कारखाना मात्र १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या रूपाने मुंबईत कुर्ल्याला गेला. पुढची तीन दशके अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन नावांत आपली मोटारसृष्टी सामावली होती. ज्याला गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्याला ती लहान घ्यावी की मोठी हे कराने शिकवण्याची गरज नव्हती. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोलचे भाव एकदम चढले आणि त्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले, ही हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. त्या दरवाढीने खप खरोखर आवरला. १९१७ चे माप अजून बोथट झालेले नव्हते.

खरा प्रश्न उभा राहिला तो बाजार खुला झाल्यावर. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने ‘लहान मोटार’ या शब्दांची व्याख्या केली: लांबी चार मीटरांपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर बाराशे, डिझेलचे असेल तर पंधराशे सी.सी.पर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीचे उत्पादनशुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळावर आले. हेतू उत्तम होता. मोटारी लहान व्हाव्यात, तेल वाचावे, आणि हिंदुस्थान हे लहान मोटारींचे निर्मितिकेंद्र व्हावे. दोनच वर्षांत पुण्याच्या टाटा कारखान्यातली इंडिगो ही गाडी मागून थोडी आखडून चार मीटरांच्या आत आली. सामानाचा कप्पा तेवढा तोकडा झाला. इतर कंपन्यांनीही तेच केले आणि ‘चार मीटरांच्या आतली’ असा मोटारींचा एक नवा वर्गच जन्मला. असा वर्ग जगात इतरत्र क्वचितच असेल. इंग्लंडात सिलिंडर सडपातळ झाले होते, आपल्याकडे डिकी तोकडी झाली.

लांबीच्या या मापात उंची नव्हती आणि वजनही नव्हते. त्यामुळे चार मीटरांच्या आत राहूनही गाडी उंच आणि जाडजूड करता येत होती, आणि ती तशी झालीही. २०१३ साली मोठ्या उपयुक्तता वाहनांसाठी निराळा दर आला तेव्हा त्यांच्या व्याख्येत जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर धरली होती. लगेच काही गाड्यांचे पोट जमिनीकडे झुकू लागल्याच्या बातम्या आल्या. २०१७ मध्ये लहान पेट्रोल गाडीवर एकूण एकोणतीस टक्के आणि सर्वांत मोठ्या गाड्यांवर उपकर धरून पन्नास टक्के अशी व्यवस्था बसली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती अनुक्रमे अठरा आणि चाळीस झाली. दोन्ही टोके खाली आली, मधले अंतर जवळजवळ तेवढेच राहिले, आणि चार मीटरांची रेघ जागची हलली नाही. दरम्यान लोकांनी आपला कौल दिला होता. २०२३–२४ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे साठ टक्के वाहने उपयुक्तता वाहनांच्या वर्गातली होती. मोठ्या गाडीवर अधिक कर लावणाऱ्या देशात उंच, भरदार गाडीची आवड वाढत गेली, ही गोष्ट आपल्या मापाविषयी पुरेसे सांगते.

डिझेलची कथा तर अधिकच बोलकी आहे. मालमोटारी, एस.टी.च्या गाड्या आणि शेतीचे पंप यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवले गेले. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला. डिझेलचा व्हायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडला. त्या चार वर्षांत दोहोंतले अंतर इतके वाढले की नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलवर चालणाऱ्या निघू लागल्या. शेतकऱ्याच्या नावाने दिलेल्या सवलतीच्या सावलीत अडीच टनांची आलिशान गाडी आरामात उभी राहिली. कीरिट पारीख यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१० मध्येच डिझेल मोटारींवर सुमारे ऐंशी हजार रुपयांचा जादा कर सुचवला होता. तो आला नाही. २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सी.सी.च्या व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये एक टक्का पर्यावरण भरपाई घेऊन ती पुन्हा मोकळी केली. महाराष्ट्राच्या मोटारकरात डिझेल गाडीवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के अधिक आकारणी आहे, ती मला या साऱ्यातली समंजस तरतूद वाटते. कर्नाटकात तीही नाही.

कर्नाटकात मोटारीचा कर एकरकमी, आजीवन भरायचा असतो आणि त्याची पायरी ठरते ती किमतीवरून. पाच लाखांपर्यंत तेरा टक्के, दहापर्यंत चौदा, विसापर्यंत सतरा आणि पुढे अठरा. वर उपकर वेगळा. या कराला वरची मर्यादा नाही. महाराष्ट्रात ती आहे. २०२५ च्या जुलैपर्यंत वीस लाख होती, मग तीस लाख झाली. याचा परिणाम बंगळूरच्या रस्त्यांवर दिसतो. महाराष्ट्राची किंवा पुदुच्चेरीची पाटी लावलेल्या परदेशी बनावटीच्या गाड्या येथे वर्षानुवर्षे फिरत असतात. २०२५ च्या फेब्रुवारीत परिवहन खात्याने अशा सुमारे तीस गाड्या जप्त केल्या. जुलैमध्ये महाराष्ट्राची पाटी असलेल्या एकाच गाडीकडून सुमारे एक कोटी एकेचाळीस लाख रुपये कर वसूल झाला. वसुली योग्यच. परंतु तिजोरीत पडलेल्या या रकमेचा तेलाशी संबंध काय? कर एकदाच भरला की ती गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालली काय किंवा चाळीस हजार चालली काय, या कराच्या लेखी सारखेच. उलट २०१६ पासून करमुक्त असलेल्या विजेच्या गाड्यांपैकी पंचवीस लाखांवरच्या गाड्यांना २०२४ मध्ये कर्नाटकाने दहा टक्के कर लावला. रस्त्यावर धूर न सोडणारी गाडी कराच्या कक्षेत आली, कारण ती महाग होती. किंमत हे श्रीमंती मोजण्याचे माप आहे, धूर मोजण्याचे नव्हे. दोन्ही मोजण्यात गैर काही नाही. एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये, इतकेच.

मग सारा भार इंधनावरच का टाकू नये, असे कोणी विचारील. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर वाढवला आणि बंगळुरात लिटरमागे तीन रुपये चढले. ते तीन रुपये मोठ्या गाडीच्या मालकाने सहज दिले. दुचाकीवरून घरोघर जिन्नस पोहोचवणाऱ्या मुलाला मात्र ते रोज मोजावे लागले. या शहरात दुचाक्यांची संख्या मोटारींहून कितीतरी मोठी आहे आणि सार्वजनिक बस प्रत्येक वस्तीच्या दाराशी पोहोचत नाही. म्हणून इंधनावरचा कर कितीही न्याय्य मोजपट्टीचा असला तरी एकटा पुरणार नाही. गाडी विकत घेण्याच्या क्षणीच, निवड अजून हातात असताना, तेलाचा हिशेब पुढे यायला हवा. इंग्लंडने तो मार्ग २००१ पासून धरला: नव्या मोटारीचा वार्षिक कर ती किलोमीटरला किती ग्रॅम कर्बवायू सोडते यावर बसू लागला. फ्रान्सने २००८ पासून कमी धुराच्या गाडीला बक्षीस आणि अधिक धुराच्या गाडीला दंड अशी जोडव्यवस्था केली, आणि २०२२ पासून वजनाचाही निराळा दंड जोडला. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो, डिझेलचा त्याहून थोडा अधिक. हा हिशेब गाडीच्या लांबीवर चालत नाही आणि विक्रेत्याच्या पावतीवरही चालत नाही.

आपल्याकडे हे आकडे नाहीत असेही नव्हे. २०१७ पासून प्रत्येक कारखानदाराच्या गाड्यांच्या सरासरी इंधनखपावर केंद्राची मर्यादा आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक नमुन्याची चाचणी होते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली मोटार संशोधन संस्था अशा चाचण्या घेते; गाडी रुळांवर चढवून, ठरलेल्या वेगांच्या चक्रातून फिरवून, ती किलोमीटरला किती ग्रॅम कर्बवायू सोडते ते लिहून ठेवते. तीच गाडी पुढे बंगळूरच्या एखाद्या परिवहन कार्यालयात नोंदणीसाठी येते. खिडकीमागचा कारकून विक्रेत्याची पावती मागतो, तिच्यावरची किंमत पाहतो, पायरी शोधतो आणि कर सांगतो. पुण्याहून आलेल्या त्या आकड्यासाठी त्याच्या तक्त्यात अजून रकाना नाही.